शब्द होनाजीचे, चाल कोणाची?

नरकचतुर्दशीची पहाट ही मारेगावात फार गोड असते. थंडी नुकती कुठे पडू लागलेली असते, अंगणात बंब धुमसत असतो, आणि पहिली आंघोळ कोणाची यावरून मुलांची हुज्जत चाललेली असते. आमच्या सासूबाईंचा एक शिरस्ता आहे. 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी लागल्याखेरीज त्या कोणाच्याही अंगाला तेल लावायला बसत नाहीत. पूर्वी रेडिओवर ती लागण्याची वाट पाहावी लागे. आता नातू मोबाइलवर लावून देतो, एवढाच काय तो फरक.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भूपाळी लागली, सासूबाईंनी तेलाची वाटी पुढे ओढली आणि नातवाच्या डोक्यावर तेल थापीत त्या म्हणाल्या, "होनाजीनं काय चाल बांधली बाप्पा! दोनशे वर्षं झाली, पण अजून शिळी नाही झाली."

मी मराठीची प्राध्यापिका. चूक दिसली की ती दुरुस्त करण्याची खोड या धंद्यात लागतेच. ती सणावारीसुद्धा सुटत नाही. मी म्हणाले, "आई, शब्द होनाजीचे म्हणतात, पण चाल त्याची नव्हे. ती वसंत देसाईंची. १९५१ साली 'अमर भूपाळी' नावाचा चित्रपट निघाला, त्यासाठी त्यांनी बांधली."

सासूबाईंचा हात थांबला. "म्हंजे होनाजीनं हे असं म्हटलंच नाही?"

"असं नाही म्हटलं."

"मंग कसं म्हटलं?"

"ते आता कोणालाच ठाऊक नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या देव्हाऱ्यातली एखादी मूर्ती उचलून नेली असावी, तसे ते पाहणे होते. मग हळूच म्हणाल्या, "मंग त्यात होनाजीचं काय राह्यलं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वर्गात असते तर पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली असती. पण घरात, तेलाची वाटी हातात घेऊन बसलेल्या माणसापुढे पुस्तकी उत्तरे चालत नाहीत.

होनाजी हा पुण्याचा गवळी. त्याचा काळ साधारणपणे १७५४ ते १८४४ असा देतात. 'होनाजी बाळा' हे एकाच माणसाचे नाव आहे अशी पुष्कळांची समजूत असते. माझ्या वर्गातली निम्मी मुले दरवर्षी उत्तरपत्रिकेत "होनाजी बाळा हा कवी" असे लिहून येतात. वस्तुतः ती दोन माणसे. होनाजी रचना करी आणि बाळा गाई. एकाचे शब्द, दुसऱ्याचा गळा. फडाला नाव मात्र दोघांचे मिळून एक. दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होनाजीला लाभला होता. लावणी रागदारीच्या अंगाने बैठकीत नेण्याचे आणि तिच्या साथीला तबला आणण्याचे श्रेयही त्याला देतात. म्हणजे तो नुसता शब्द जुळवणारा शाहीर नव्हता. आजच्या भाषेत बोलायचे तर संगीतरचनाकार होता.

पण अशा माणसाचे चरित्र लिहायला बसणाऱ्याची मोठीच पंचाईत होते. सेनापतीचे चरित्र लिहायचे तर लढायांचे कागद सापडतात. मुत्सद्द्याचे लिहायचे तर पत्रव्यवहार सापडतो. रचनाकाराचे खरे चरित्र त्याच्या सुरांत, आणि सूर तर हवेत विरून गेलेले! हिंदुस्थानात गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली. छापील स्वरलिपीची पुस्तकेही होनाजीच्या मागून पुष्कळ वर्षांनी आली. शाहिरांचे शब्दसुद्धा लोकांच्या तोंडून गोळा करावे लागले. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा प्रसिद्ध संग्रह छापला गेला तो १८९१ मध्ये. शब्द असे कसेबसे हाती लागले. चाली गेल्या त्या गेल्याच.

मग व्ही. शांताराम यांच्यासारख्या दिग्दर्शकाने होनाजीवर चित्रपट काढायचा म्हटला की काय करावे? चाल ठाऊक नाही म्हणून नायकाला मुकाच ठेवावा? वसंत देसाईंनी चाल बांधली. लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांनी ती गायिली. १९५२ साली चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवात स्पर्धेत गेला. आणि इकडे घरोघर ती चाल अशी काही मुरली, की ती पेशवाईतलीच आहे असे लोक मानू लागले. कलावंताने घेतलेले हे स्वातंत्र्य आहे, यात शंका नाही. पण त्याने होनाजीचे काही हिरावून घेतले का? उलट, पोथीत पडून राहिलेल्या शब्दांना त्याने पुन्हा घराघरांतली पहाट दिली.

इथवर माझा विचार सरळ चालला होता. त्याला ठेच लागली ती जानेवारीत.

आमच्या भागातल्या मुलांना नाटकाचे भारी वेड. कपाशीच्या वेचणीत आईबापांना मदत करायची, दुपारी वर्गात डुलक्या घ्यायच्या आणि रात्री तालमीला मात्र टक्क जागे राहायचे! बी. ए.च्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी स्नेहसंमेलनासाठी स्वतः लिहिलेली एकांकिका घेऊन माझ्याकडे आला. मुलगा शेतकऱ्याचा, गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवणारा. एकांकिका होनाजीवर होती. पहिले दोन प्रवेश वाचून मी खूश झाले. गोठा, दुधाच्या चरव्या, फडाची लगबग, सारे त्याने अंगच्या अनुभवाने लिहिले होते.

तिसऱ्या प्रवेशात मात्र बाळाच्या पोटात असूया पेटते. "गातो मी आणि नाव याचे!" असे म्हणून तो होनाजीच्या रचनांची चोपडी जाळतो, आणि त्याला विड्यातून शेंदूर चारतो. होनाजीचा आवाज जातो. पडदा.

"याला आधार काय?" मी विचारले.

"मॅडम, बाळानं असं केलं नाही, याला तरी आधार काय आहे?"

मुलाचे उत्तर बिनतोड होते. मी जरा वरमले. तो पुढे म्हणाला, "दोन मित्र होते, चांगले होते, गात होते, यात नाटक कुठे आलं? कोणीतरी वाईट पाहिजे नं."

शेंदूर कुठून आला ते मी ओळखले. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट आला. त्यातल्या शेंदराने गवयाचा गळा कसा बसतो, हे आता महाराष्ट्रातल्या पोराबाळांना ठाऊक आहे. असूया कुठून आली तेही त्यानेच सांगितले. त्याने मोबाइलवर 'अमेडियस' हा इंग्रजी चित्रपट पाहिला होता.

मोझार्ट हा युरोपातला थोर संगीतरचनाकार. १७९१ च्या डिसेंबरात, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. व्हिएन्नाच्या दरबारात सालिएरी नावाचा दुसरा रचनाकार होता, वयाने थोडा वडील. हा सालिएरी म्हातारा झाला तेव्हा, मोझार्टला त्यानेच विष दिले, अशी एक कंडी पिकली. १८२५ मध्ये तो वारला. आणि पाचच वर्षांनी, १८३० मध्ये, रशियाचा महाकवी पुश्किन याने त्या कंडीवर एक नाटुकले लिहिले. १९७९ मध्ये पीटर शॅफर या इंग्रज नाटककाराने तोच धागा धरून 'अमेडियस' लिहिले, आणि १९८४ च्या चित्रपटाने तर आठ ऑस्कर पटकावले. नाटक उत्तम, चित्रपट देखणा. शेवटी मरणपंथाला लागलेला मोझार्ट अंथरुणावरून स्वर सांगतो आहे आणि सालिएरी ते उतरून घेतो आहे, हा प्रसंग पाहताना कोणाचेही काळीज हलेल. तसे काही घडलेच नव्हते, एवढेच!

खरा सालिएरी कसा होता? बेथोव्हन, शूबर्ट आणि लिस्ट ही नावे पाश्चात्त्य संगीतात आपल्याकडच्या घराण्यांच्या मूळपुरुषांइतक्या आदराने घेतात. ते तिघेही त्याचे शिष्य. मोझार्ट गेल्यावर त्याच्या धाकट्या मुलालाही सालिएरीने शिकवले. बापाला विष घालणाऱ्याच्या हाती मोझार्टच्या बायकोने आपला मुलगा दिला असता का? २०१६ साली प्रागच्या संग्रहालयात १७८५ ची एक रचना सापडल्याचे जाहीर झाले. एक गायिका आजारातून बरी झाली म्हणून तिच्या आनंदाप्रीत्यर्थ केलेली ती रचना, आणि रचनाकारांत मोझार्ट आणि सालिएरी ही दोन्ही नावे शेजारी शेजारी! पण संग्रहालयातला कागद किती जणांनी पाहिला, आणि चित्रपट किती जणांनी? सालिएरीचे संगीत न ऐकलेल्या लाखो लोकांना तो ठाऊक आहे, आणि तो खुनी म्हणून ठाऊक आहे.

आपल्याला हे काही परके नाही. मी दरवर्षी वाक्प्रचार शिकवते. 'ध चा मा करणे' हा त्यांतलाच एक. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरले ते रघुनाथरावांना. पण 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईने 'मारावे' केले, ही कथा लोकांना अशी भावली की पुराव्याची वाट न पाहता भाषेनेच निकाल देऊन टाकला! फेरफार केलेला तो कागद कोणी दाखवू शकलेले नाही. तरी आनंदीबाईची शिक्षा अजून चालूच आहे, आणि ती बजावणाऱ्यांत खडू हातात घेतलेली मीही आहे.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याने मान डोलावली. पण त्याला ते पटले नव्हते, आणि न पटण्यात त्याची चूकही नव्हती. कारण मी फक्त दुसऱ्यांचे गुन्हे सांगत होते. शेवटी मी माझा सांगितला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी जवळच्या एका गावच्या भजनी मंडळाने स्मरणिका काढली. मंडळाचे एक जुने गायक होते. फार गोड गळा, पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्यावर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माहिती मिळाली ती दोन पानांची, आणि लेख हवा होता चार पानांचा. मी रंग भरला. त्यांच्या मृदंगाच्या साथीदाराने पैशासाठी दुसरे मंडळ धरले, आणि म्हाताऱ्याला शेवटच्या एकादशीला एकट्याने गावे लागले, असे मी लिहिले. एकट्याने गाणारा म्हातारा! वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला शाबासकी मिळाली.

महिन्याभराने दारात एक बाई आल्या. त्या मृदंगवाल्यांच्या कन्या. वडील केव्हाच वारले होते. पायरीवरच बसल्या, चहा घेतला नाही. स्मरणिका माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बाई, माहे बाबा त्या एकादशीले दवाखान्यात होते. तिथूनच गेले. तुमी हे कोठून आणलं?"

मी कोठून आणले होते? लेखाला शेवट हवा होता, म्हणून आणले होते. मी क्षमा मागितली. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू म्हटले. पण ती स्मरणिका एकदाच निघायची होती; पुढचा अंक नव्हता. ज्या घरांत ती गेली, त्या घरांत ते मृदंगवाले आजही पैशासाठी मित्राला सोडून गेलेले आहेत. त्या बाई उठताना रागावल्यासुद्धा नाहीत. "बाबांले वाचता येत नव्हतं, बरं झालं," एवढेच म्हणाल्या.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "मग मॅडम, कल्पनेनं काही लिहायचंच नाही का?"

लिहायचे, अवश्य लिहायचे. कल्पना वर्ज्य केली तर होनाजीवर चार ओळींपलीकडे काही लिहिताच येणार नाही. पण लिहिताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही जी भर मी घालतो आहे, ती मेलेल्या माणसाला काही देते, की त्याचे काही काढून घेते? होनाजी पहाटे गोठ्यात गुणगुणत होता असे लिहिले तर कोणाचे काय गेले? बाळाने विष दिले असे लिहिले तर बाळाचे सर्वस्व गेले. त्याच्याकडे गळ्याखेरीज आणि मैत्रीखेरीज दुसरे होतेच काय?

आणि खलनायक हवाच असेल, तर त्यालाही सरळ वाट आहे. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ती केव्हाच दाखवली. त्यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. गवयांची ईर्षा, घराण्यांचा अभिमान, विद्या चोरून ऐकणारा शिष्य, सारे त्यात आहे. पण खाँसाहेब आफताब हुसेन आणि पंडित भानुशंकर ही नावे त्यांनी आपल्या पदरची घेतली. कोणा खऱ्या गवयाच्या माथी काही मारले नाही. मुर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी त्या काल्पनिक खाँसाहेबांना असा गळा दिला, की तो माणूस खऱ्यापेक्षा खरा वाटू लागला. स्वातंत्र्य हवे ना? मग नाव बदला. नाव खरे हवे ना? मग थोडे दबकून चाला.

याच्या अधलीमधली वाटही आहे. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात बैजू आणि तानसेन यांची जुगलबंदी आहे. पडद्यामागे बैजूसाठी दत्तात्रेय विष्णु पलुस्कर गायिले आणि तानसेनासाठी अमीर खाँ. इतिहासाच्या दृष्टीने ही भेटच अवघड. अबुल फजलच्या 'ऐने अकबरी'त दरबारी कलावंतांची यादी आहे. तीत पहिले नाव तानसेनाचे, पण बैजूचे नावच नाही. काही अभ्यासक बैजूला ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या काळात नेतात, आणि मानसिंह वारला १५१६ मध्ये. तानसेन अकबराकडे आला तो १५६२ च्या सुमारास. शिवाय चित्रपटाने तानसेनाला थोडा गर्विष्ठ रंगवला आहे, ते मला खटकते. तरी शेवटी जिंकलेला बैजू हरलेल्याचे प्राण वाचवतो, म्हणून मन पुष्कळसे निवळते. दंतकथेला दंतकथा म्हणून पाहिले, तर तिच्यासारखी गोड गोष्ट नाही.

आणि "यात नाटक कुठे आलं?" या प्रश्नाचे काय? खरे तर नाटक कागदांतच असते; ते पाहायला थोडा धीर लागतो. 'मानापमान'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनीचा शृंगार करून उभे राहिले. कोणत्या नाटककाराला हे सुचले असते? होनाजीचेच पाहा. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढल्या वर्षी बाजीराव शरण गेला आणि दूर ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. आश्रयदाता गेला, दरबार गेला. शाहीर मात्र पुण्यात मागे उरला, आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षे जगला. ज्यांच्यासाठी गाणी रचली ते ऐकायलाच नाहीत, अशा गावात रोज पहाट तर होणारच! त्या पहाटे होनाजी काय म्हणत असेल?

मुलाचे डोळे चमकले. चार दिवसांनी तो नवा तिसरा प्रवेश घेऊन आला.

संमेलनाच्या रात्री सासूबाई पहिल्या रांगेत, शाल पांघरून बसल्या होत्या. पडदा उघडण्याआधी तो मुलगा ढोलकी घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "मंडळी, होनाजी आणि बाळा हे खरे. पेशवाई बुडाली हे खरे. भूपाळीचे शब्द होनाजीचे म्हणून चालत आले आहेत. चाल वसंत देसायांची आहे. बाकीचं बोलणं आमच्या पदरचं आहे. आवडलं तर होनाजीला घ्या, नाही आवडलं तर आम्हाला बोला."

लोक हसले आणि मग सावरून बसले. तिसऱ्या प्रवेशात वाड्यावरचे निशाण बदललेले. दोन मित्र गोठ्यात बसलेले. बाळा विचारतो, आता कोणासाठी गायचे? होनाजी काही बोलत नाही. गाय हंबरते. तो उठतो, चरवी घेतो आणि धार काढता काढता गुणगुणू लागतो. बाळा हळूच त्यात आपला सूर मिळवतो. एवढेच. विष नाही, शेंदूर नाही. पण मागच्या बाकांवर एरवी शिट्ट्या मारणारी मुलेसुद्धा गप्प होती.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्या मुलाचे आधीचे चार शब्द. शॅफरच्या नाटकाआधी कोणी असे चार शब्द बोलले असते, तर सालिएरीचे ओझे थोडे हलके झाले असते. मी स्मरणिकेत तशी एक ओळ लिहिली असती, तर एका बाईला माझ्या पायरीवर येऊन बसावे लागले नसते. आणि हेही ध्यानात आले, की गोड गैरसमजातसुद्धा कोणाचे तरी काहीतरी जातेच. आम्ही इतकी वर्षे होनाजीला चाल दिली, आणि ती वसंत देसाईंकडून काढून घेतली. देसाई १९७५ मध्ये गेले, तेही आता तक्रार करायला येऊ शकत नाहीत.

घरी परतताना सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू म्हटलं, तवा मले वाटलं होनाजीचं काहीच नाही राह्यलं. पण शब्द त्याचेच नं? अन् दुसऱ्याले इतकी गोड चाल सुचावी, असे शब्द."

इतक्या दिवसांत मला न सापडलेले उत्तर त्यांना चालता चालता सापडले होते.

यंदाची दिवाळी आली आहे. बंब घासून ठेवला आहे, उटणे भिजवायचे आहे. काल सासूबाईंनी नातवाला आतापासूनच बजावून ठेवले, "पहाटे लवकर उठजो बरं. अन् ते लावजो, होनाजीची अन् देसायाची भूपाळी."